जागच्या जागी असलेला ठेवा: अकोला ते ऋद्धपूर

वऱ्हाडच्या इतिहासाची फार मोठी साधने संग्रहालयांत नसून उघड्यावर आहेत, आणि ती वाचण्यासाठी त्यांच्यापर्यंत चालत जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही, ही गोष्ट अकोला व अमरावती या दोन जिल्ह्यांतून प्रवास करणाऱ्याच्या लवकरच ध्यानात येते. उत्तरेला सातपुड्याची गाविलगड रांग, मध्ये पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे, आणि या दोहोंच्या सांध्यावर वसलेली अचलपूर, अकोट, चिखलदरा यांसारखी ठिकाणे, अशी या प्रदेशाची रचना आहे. वाकाटकांपासून नागपूरकर भोसल्यांपर्यंत येथे जी जी सत्ता आली तिने आपली खूण याच सांध्यावर अधिक दाटपणे उमटवली. कपाशीच्या शेतात मिळालेले ताम्रपट, किल्ल्याच्या दरवाजावर कोरलेली फारसी अक्षरे, मठाच्या आवारातील एखादा लहानसा ओटा, ही ती खूण. मुलाबाळांसह सुटीच्या दिवशी बाहेर पडून अशा खुणांचा माग काढणे हा एक छंद आहे, आणि तो नीट जोपासला तर स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाची ती अतिशय भक्कम सुरुवात ठरते, असे या प्रवासाच्या आधारे निःसंकोचपणे म्हणता येते.

या छंदाचे आजचे जगभर पसरलेले रूप जिओकॅशिंग या नावाने ओळखले जाते. मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने उपग्रहांच्या नागरी संकेतांत मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता काढून टाकली, त्यामुळे सामान्य माणसाच्या हातातील जीपीएस यंत्र आपले स्थान पूर्वीपेक्षा कितीतरी अचूक सांगू लागले. त्यानंतर अवघ्या एक-दोन दिवसांत, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगॉन राज्यातील एका झाडीत वस्तूंनी भरलेली बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि इतरांनी ती शोधून काढावी असे सुचवले. तेव्हापासून डबा लपवणे, त्याचे स्थान अंकांत सांगणे आणि शोधणाऱ्याने डब्यातील वहीत नाव लिहून तो पुन्हा जागच्या जागी ठेवणे हा कुटुंबांचा आवडता खेळ झाला. त्याचा शेवटचा नियम, म्हणजे सापडलेली वस्तू जागेवरून न हलवणे, हा वऱ्हाडच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण येथे कोणी डबा लपवण्याची गरजच नाही. शोधण्याजोगे पुष्कळ आधीच जागोजागी ठेवलेले आहे.

याच्या नेमकी उलट दिशा गुप्तधनाच्या शोधाची. गढी, किल्ला, पडकी विहीर दिसली की तिच्याखाली हंडे पुरलेले आहेत ही समजूत वऱ्हाडातही खोल रुजलेली आहे, आणि तिच्यापायी जुन्या वास्तूंच्या जोत्यांखाली खड्डे पडतात, मूर्तींची आसने उखडली जातात, कधी मांत्रिकाच्या नादाने त्याहून भयंकर प्रकारही घडतात. म्हणूनच महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या शोधाच्या नावाखाली होणारी अघोरी कृत्ये स्पष्टपणे गुन्हा ठरवली आहेत. जमिनीत दडलेल्या धनाबद्दल १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आजही लागू असून, दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास तो कोठे व कसा सापडला हे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना, म्हणजे पुरावशेषांना, १९७२ चा स्वतंत्र कायदा संरक्षण देतो, आणि संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवणाऱ्यास १९५८ च्या कायद्याखाली कैदही होऊ शकते. हे मुलांना घराबाहेर पडण्यापूर्वीच सांगितलेले बरे. कुदळ आणि धातुशोधक यंत्र यांना या छंदात स्थान नाही. वही, दोरी, मोजपट्टी, छायाचित्र घेणारा फोन आणि एक विजेरी एवढे साहित्य पुरते.

सराव शहरातच करता येतो. अमरावतीचा परकोट, म्हणजे निजामाच्या अमलात १८०७ च्या सुमारास पेंढाऱ्यांपासून श्रीमंत पेठेचे रक्षण करण्यासाठी उभारलेली दगडी तटबंदी, आता घरांच्या आणि दुकानांच्या मागे लपली असली तरी तिचे पाच दरवाजे आणि चार खिडक्या, म्हणजे तटातील लहान दारे, ही नावे शहरात अजून वापरात आहेत, आणि त्यांच्या आधारे तटाची संपूर्ण रेषा पायी फिरून कागदावर उतरवणे हे दहा-बारा वर्षांच्या मुलाला जमण्यासारखे काम आहे. अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी असदगडाचे अवशेष आहेत. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या जहागिरीतील हे गाव. दहीहंडा वेशीवरील लेखात औरंगजेबाची राजवट व असदखानाचे नाव येते आणि बांधकामाचा काळ १६९७ सांगितला जातो. परंतु आगरवेशीवर जुन्या गॅझेटिअरने नोंदवलेला मराठी मजकूर १८४३ मध्ये गोविंद आपाजी याने हे काम केले असे सांगतो, आणि येथे शोधणाऱ्यासमोर पहिला खरा प्रश्न उभा राहतो: एकाच किल्ल्याविषयी दोन दगड दीडशे वर्षांच्या अंतराने दोन निराळ्या गोष्टी का सांगतात? डागडुजी करणाऱ्याने 'बांधले' असे म्हणण्याची पद्धत जुन्या लेखांत सर्वत्र आढळते, हे त्याचे सर्वांत संभाव्य उत्तर. मात्र ते उत्तर वडीलधाऱ्यांनी लगेच देऊन टाकू नये. दगडावर कोरले आहे म्हणून ते अक्षरशः खरे मानायचे नसते, ही इतिहासाभ्यासातील मूलभूत शिस्त मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा येथे अधिक पक्की समजते.

अकोल्याच्या पश्चिमेला असलेले बाळापूर मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या संगमावर वसले आहे. येथील विटांचा किल्ला औरंगजेबपुत्र आझमशाहाने आरंभला आणि अचलपूरचा नवाब इस्माईलखान याने १७५७ मध्ये पूर्ण केला असे मानले जाते. एकात एक असे दरवाजे आणि पावसाळ्यात जवळजवळ चोहोबाजूंनी येणारे नदीचे पाणी यांमुळे त्याच्या जागेची निवड किती विचारपूर्वक झाली होती हे नकाशापेक्षा तटावरून अधिक स्पष्ट दिसते. नदीकाठची दगडी छत्री मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाते. पुरंदरच्या १६६५ च्या तहामुळे महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला जयसिंग ठाऊक असतो, परंतु तो दख्खनच्या सुभ्यावर असताना या भागातून त्याची ये-जा होती आणि १६६७ मध्ये बुऱ्हाणपूरला त्याचा अंत झाला, हे त्या छत्रीखाली उभे राहिल्यावरच भूगोलाशी जुळते. बुऱ्हाणपूरहून दक्षिणेकडे येणाऱ्या मार्गावर बाळापूर होते, आणि १७२० मध्ये निजामुल्मुल्काने सय्यद बंधूंच्या बाजूच्या आलमअलीखानाचा पराभव केला तोही याच परिसरात. दख्खनमध्ये निजामाच्या सत्तेचा पाया ज्या लढायांनी घातला त्यांपैकी ही एक होय.

बाळापूरहून अकोटकडे जाताना खारपाणपट्टा लागतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंस पसरलेल्या या पट्ट्यात भूगर्भातील पाणी खारट असते, म्हणून विहीर खोदली तरी ते पिण्यास व ओलितास फारसे उपयोगी पडत नाही. गावातील जुने गोडे पाणवठे, तळी व बारवा कोठे होत्या हे विचारत गेल्यास वस्तीचा इतिहास आपोआप उलगडतो, आणि त्या माहितीसाठी गावातील वृद्ध स्त्रियांइतका भरवशाचा स्रोत दुसरा नाही, कारण पाणी त्यांनीच वाहिलेले असते.

अकोटच्या उत्तरेला सातपुड्याच्या कड्यावर नरनाळा किल्ला आहे. मेळघाट हा भारतातील व्याघ्र प्रकल्पांच्या पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक असून नरनाळ्याचा परिसर त्याच्या संरक्षित वनात मोडतो, त्यामुळे पायथ्याच्या शहानूर येथे वनविभागाची परवानगी घेऊनच वर जाता येते आणि सूर्यास्तापूर्वी खाली उतरावे लागते. वांग्याची भाजी आणि निखाऱ्यावरचे रोडगे ही वऱ्हाडी सहलीची खरी शिदोरी असली तरी जंगलात चूल पेटवायची नसते, तेव्हा ती घरूनच करून न्यावी. मुख्य नरनाळा आणि त्याच्या दोन बाजूंचे जाफराबाद व तेलियागड असे हे तीन किल्ल्यांचे मिळून एक दुर्गसंकुल आहे, आणि तेथील तलाव, मशीद, तोफ यांपैकी प्रत्येकाविषयी सांगण्यासारखे काही ना काही आहे. परंतु थांबायचे ते महाकाली दरवाजापाशी. कोरीव कमानी, गवाक्षयुक्त सज्जे आणि दगडात उतरवलेले सुलेखन यांनी नटलेला हा दरवाजा वऱ्हाडातील मध्ययुगीन स्थापत्याचा सर्वोत्तम नमुना म्हणण्यास हरकत नाही.

या दरवाजावरील लेखात हिजरी ८९२ हे वर्ष येते. हिजरी वर्ष चांद्र असल्याने ते सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून त्या अंकाला ०.९७ ने गुणून त्यात ६२२ मिळवले की इसवी सन जवळजवळ अचूक निघतो. हा हिशेब दरवाजाच्या पायरीवर बसून मुलाने केला की १४८७ हे उत्तर येते. त्या वर्षी वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्ला इमादुल्मुल्क होता, आणि लेखात दरवाजा बांधणारा म्हणून त्याचे नाव असले तरी राजा म्हणून बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूदशाहाचे नाव आहे. आता पुढची तीन वर्षे मोजायची. १४९० मध्ये याच फतहुल्लाने बहमनी सत्तेपासून स्वतंत्र होऊन अचलपूरची इमादशाही स्थापन केली. म्हणजे ज्या सुभेदाराचे पाऊल स्वतंत्र सत्तेच्या उंबरठ्यावर होते, त्यानेच दगडावर धन्याचे नाव अदबीने कोरून ठेवले, आणि ज्याच्याकडे एवढा दरवाजा उभारण्याइतका पैसा, कारागीर आणि हिंमत होती तो फार काळ कोणाचा सुभेदार राहणार नव्हता हेही तोच दगड सांगतो. बहमनी राज्याचे विघटन हा पुस्तकातील रूक्ष प्रकरण वाटणारा विषय येथे एका लेखाने आणि एका गुणाकाराने जिवंत होतो. असे लेख वाचताना अक्षरांवर खडू घासणे, तेल ओतणे किंवा पाण्याने पुसणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. विजेरीचा प्रकाश बाजूने तिरपा पाडला की झिजलेल्या अक्षराच्या कडेला सावली पडते आणि ते स्वच्छ दिसू लागते. शाईचा ठसा घेण्याचे काम मात्र तज्ज्ञांचे आहे आणि त्यासाठी पुरातत्त्व खात्याची अनुमती लागते.

नरनाळ्याच्या पायथ्याकडील मैदानात अडगाव येते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या इंग्रज फौजेने येथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. भोसल्यांच्या बाजूचे नेतृत्व दुसऱ्या रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. शेतांखेरीज तेथे पाहण्यासारखे फारसे काही नाही, पण त्या सपाट रानातून उत्तरेला सातपुड्याची भिंत दिसते, आणि पराभूत सैन्याला गाविलगडाचा आसरा का घ्यावासा वाटला असेल हे कोणी न सांगता समजते.

अचलपूर हे शतकानुशतके वऱ्हाडच्या राजधानीचे गाव. शहराबाहेरील हौजकटोरा, म्हणजे तलावाच्या मध्यभागी उभी असलेली अष्टकोनी मजलेदार वास्तू, पाहणाऱ्याला थक्क करते. तथापि या परिसरातला सर्वांत मौल्यवान शोध कोणत्याही वास्तूत लागलेला नाही. तो नांगराच्या फाळाला लागला. अचलपूरपासून थोड्या अंतरावरील चम्मक या गावी १८६८ च्या सुमारास शेत नांगरताना वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. ताम्रपट म्हणजे राजाने दिलेल्या दानाची तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली सनद; चम्मकच्या सनदेचे सात पत्रे असून ते कडीत ओवून राजमुद्रेने बंद केलेले होते. अक्षरे पेटिकाशीर्ष वळणाची, म्हणजे प्रत्येक अक्षराच्या माथ्यावर लहानशी चौकट असलेल्या ब्राह्मी लिपीतली. राज्यकारभाराच्या अठराव्या वर्षी, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, मधुनदीच्या तीरावरील चर्मांक गाव आणि तेथील आठ हजार भूमी एवढी जमीन एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे त्यात नोंदले आहे, आणि दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, अशा अटीही घातल्या आहेत. भोजकट राज्यातले म्हणून उल्लेखलेले हे चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक, हे तांबे ज्या शेतातून निघाले ते शेत ठाऊक होते म्हणूनच खात्रीने म्हणता आले. आणि चम्मकचे स्थान पक्के झाल्यामुळे भोजकटाचा शोध अमरावतीजवळच्या भातकुलीपर्यंत नेता आला. तेच सात पत्रे कोणा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडून गावाच्या नावावाचून हाती आले असते, तर त्यांतील राजाचे नाव वाचता आले असते, परंतु वऱ्हाडच्या प्राचीन भूगोलाचा हा धागा हाती लागला नसता. जागा हरवली की वस्तूचे अर्धे बोलणे बंद होते, आणि सापडलेली वस्तू जागेवर ठेवून आधी कळवावे हा कायद्याचा आग्रह केवळ सरकारी अडवणूक नाही, हे चम्मकच्या काळ्या रानात उभे राहून मुलांना समजावून सांगावे.

परतवाड्याहून घाट चढला की चिखलदरा, आणि तेथून जवळच गाविलगड. समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवरचा हा किल्ला फिरिश्ता या इतिहासकाराच्या मते अहमदशाह वली बहमनी याने १४२५ च्या सुमारास बांधला. गाविलगड या नावात गवळ्यांच्या त्याहून जुन्या वस्तीची आठवण असल्याचे मानतात. येथे वेळ हवा. घाईने अर्ध्या दिवसात किल्ला 'करणाऱ्या' मंडळींना येथील दोन सर्वांत बोलक्या गोष्टी बहुधा दिसतच नाहीत.

त्यांपैकी पहिली दिल्ली दरवाजावर आहे. तेथे सिंह, हत्ती आणि गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा कल्पित पक्षी, कोरलेले आहेत. फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरकडील हिंदू कुटुंबातला, लढाईत पकडला जाऊन बहमनी सेवेत वाढलेला, असे फिरिश्ता लिहितो, आणि गंडभेरुंड हे विजयनगर व कर्नाटकाच्या परंपरेतले ख्यात चिन्ह. म्हणून काही अभ्यासकांनी या शिल्पात त्याच्या मूळ भूमीची आठवण पाहिली आहे. हे अनुमान आकर्षक आहे, पण गंडभेरुंड दख्खनच्या इतरही किल्ल्यांवर आढळतो, तेव्हा ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट बुरूजे बहराम या बुरुजाची. इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने गिळंकृत केल्यानंतर गाविलगडावर आलेल्या बहरामखानाने हा बुरूज बांधला, आणि त्यावरील लेखातील वर्ष अंकांत नसून शब्दांत दडवलेले आहे. अरबी-फारसी वर्णमालेतील प्रत्येक अक्षराला ठराविक किंमत देण्याची अब्जद नावाची पद्धत आहे, तिच्यात अलिफ म्हणजे १, बे म्हणजे २, जीम म्हणजे ३, दाल म्हणजे ४, असे करत हजारापर्यंत जाता येते. कवी अशी शब्दरचना करतो की तिच्यातील अक्षरांच्या किमतींची बेरीज घटनेच्या वर्षाइतकी भरावी. बहरामच्या बुरुजावरील बेरीज ९८५ होते, आणि नरनाळ्यावर शिकलेला गुणाकार येथे वापरला की १५७७ हे साल येते, म्हणजे वऱ्हाड जिंकल्यावर अवघ्या तीन वर्षांत नव्या धन्यांनी डागडुजीला व तटबंदीला हात घातला होता. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी कोणा शिकलेल्या माणसाने दगडात घालून ठेवलेले हे कोडे आजही सोडवता येते, आणि उर्दू वाचता येणारा एखादा शेजारी किंवा मुलांचा मित्र बरोबर असेल तर त्याच्या मदतीने ते जागेवरच सोडवावे. अचलपूर, बाळापूर आणि अकोल्यात अशा जाणकारांची वाण नाही, आणि वऱ्हाडचा इतिहास एका लिपीत मावत नाही हेही त्यातून उमगते.

१८०३ च्या डिसेंबरात गाविलगडाचा पाडाव कसा झाला हे समजून घेण्यासाठी किल्ल्याच्या उत्तर बाजूला जावे लागते. दक्षिणेकडे कडा तुटलेला आहे, त्यामुळे तिकडून वेलस्लीने केवळ दबाव ठेवला, आणि कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरातून वाट काढत अवजड तोफा किल्ल्याच्या उत्तरेला लबाडा गावाच्या बाजूस ओढून नेल्या. ७ डिसेंबरला निघालेल्या या तुकडीच्या तोफा १३ तारखेला सुरू झाल्या, आणि १५ तारखेला हल्ला झाला. बाहेरचा तट भंगला होता, पण आतला शाबूत होता; दोहोंच्या मधल्या घळीत हल्लेखोर अडकले असताना कॅप्टन कॅम्पबेलच्या हाताखालील स्कॉटिश पलटणीचे शिपाई शिड्या लावून आतला तट चढले आणि त्यांनी दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आपल्या माणसांसह दरवाजापाशी लढताना पडला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह होऊन वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश भोसल्यांच्या हातून गेला, मात्र नरनाळा आणि गाविलगड त्यांच्याकडे राहिले आणि ते पुढे १८२२ मध्ये निजामाकडे गेले. हा सगळा तपशील वेलस्लीच्या खलित्यांतून आणि गॅझेटिअरांतून वाचता येतो. लायलचे १८७० चे, अकोल्याचे १९१० चे आणि अमरावतीचे १९११ चे गॅझेटिअर, तसेच यादव माधव काळे यांचा १९२४ चा 'वऱ्हाडचा इतिहास' हे ग्रंथ म्हणजे या शोधाच्या वाटेवरील खुणांचे संग्रहच होत. परंतु शिड्या लागल्या ती जागा कोणती असेल, हे आतल्या तटाची उंची ठिकठिकाणी दोरी सोडून मोजल्याशिवाय आणि घळीत नेमके कोठून उतरता येते हे पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही. मोठ्यांनी ग्रंथ वाचायचा आणि धाकट्यांनी जागा ताडायची, अशी विभागणी येथे फार चांगली साधते. १८५८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला निकामी केला, तेव्हा कोणते खिंडार युद्धातले आणि कोणते नंतरचे, हा प्रश्न प्रत्येक पडक्या भिंतीपाशी पुन्हा विचारावा लागतो.

डोंगर उतरून चांदूर बाजारच्या वाटेने मोर्शी तालुक्यातील ऋद्धपूरला येणाऱ्यास आपल्या छंदाचा पूर्वज भेटतो. महानुभाव पंथाचे हे अत्यंत पवित्र क्षेत्र. श्रीगोविंदप्रभू येथे राहिले, चक्रधरस्वामींनी त्यांना गुरू मानले, आणि मराठी गद्याचा आद्य ग्रंथ मानले जाणारे 'लीळाचरित्र' म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीच्या काळात येथेच सिद्ध केले अशी परंपरा आहे. वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता, म्हणजे दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या आणि दुसऱ्या रुद्रसेनाची पत्नी, हिचाही ताम्रपट ऋद्धपूरलाच मिळाला, यावरून या गावाची प्राचीनता कळते. महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठासाठी हेच स्थान निवडले ते उचितच झाले.

महानुभावांनी स्वामींच्या वचनांप्रमाणेच त्यांच्या जागाही जपल्या. स्वामी कोठे उतरले, कोठे बसले, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूला त्यांनी आरोगणा, म्हणजे भोजन, केली, हे सारे आठवून, विचारून, प्रत्यक्ष फिरून नोंदवण्यात आले, आणि त्यातून 'स्थानपोथी' हा ग्रंथ सिद्ध झाला. मुनिव्यास कोठी यांच्या नावाशी जोडलेली आणि चौदाव्या शतकातली मानली जाणारी ही पोथी पुढे डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादून प्रसिद्ध केली. गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ, त्याचे दार कोणीकडे, त्याच्या अमुक अंगाला मठ, मठाच्या तमुक कोपऱ्यात स्वामींचे स्थान, अशा पद्धतीने ती वाचकाला एका ज्ञात खुणेपासून दुसऱ्या खुणेकडे नेत नेत नेमक्या जागेवर आणून उभे करते. यादवकालीन मंदिरांचा अभ्यास करणारे संशोधक आज नष्ट झालेल्या देवळांची जागा आणि रचना ठरवण्यासाठी या पोथीचा आधार घेतात. स्थान ओळखता यावे म्हणून तेथे ओटा बांधण्याची पंथाची रीत आहे, आणि अशा ओट्यांना वंदन करत गावोगाव फिरणारी महानुभाव कुटुंबे शेकडो वर्षे मुलाबाळांसह हाच प्रवास करत आली आहेत. उपग्रह नव्हते, अक्षांश-रेखांश नव्हते. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून सुरू केलेली, वऱ्हाडातून उत्तरेकडे गेलेली आणि १८२३ मध्ये शेजारच्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू होईपर्यंत त्याने चालवलेली त्रिकोणमितीय मोजणीही पाच शतके दूर होती. तरीही दिशा, अंतर, दार आणि शेजार यांच्या साहाय्याने मराठीत लिहिलेले वर्णन इतके पक्के होते की ते आजही जमिनीवर लावून पाहता येते.

म्हणून ऋद्धपूरला येणाऱ्या कुटुंबाने राजमठापासून आरंभ करावा, पोथीतील ऋद्धपूरच्या वर्णनाची प्रत हातात घ्यावी, आणि होकायंत्राने दिशा तपासत एकेक ओटा जुळवत जावे. सेवेकऱ्यांना विचारल्यास ते आनंदाने सांगतात, कारण हे ज्ञान त्यांच्या उपासनेचाच भाग आहे, आणि सोवळे, पादत्राणे, छायाचित्रे यांबाबतचे तेथील नियम पाळणे हे पाहुण्याचे पहिले कर्तव्य. अनेक इमारती नव्याने बांधल्या गेल्या असल्याने दारांच्या दिशा कोठे कोठे जुळणार नाहीत. जेथे जुळत नाहीत तेथे वर्णनातील दिशा, आजची दिशा आणि तारीख असे तीन रकाने वहीत भरावेत, आणि ती वही जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला दाखवावी. तशा नोंदी आणखी गावांहून येत राहिल्या, तर चांदूर बाजार, अचलपूर आणि मोर्शी या तीन तालुक्यांतील यादवकालीन देवळांचा नकाशा तयार करण्याचे काम सुरू होऊ शकते, आणि त्या कामाला या भागातील शाळकरी मुलांची नजर आणि पाय यांहून वेगळी सामग्री आरंभी लागत नाही.